खाली कोरडं, आत तेल: एका जुन्या ट्रॅक्टरच्या घसरत्या क्लचचं प्रकरण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कळमेश्वरकडचे एक काका आमच्या नागपूरच्या काटोल रोडवरच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर घेऊन आले. मॅसी फर्ग्युसन १०३५, १९९० चं मॉडेल, तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन, सिंगल क्लच. घेतल्यापासून एकाच घरात असलेला. मुलगा चालवत होता, काका मडगार्डवर बसले होते. उतरायच्या आधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली. "भाऊ, क्लच स्लिप मारून राहिला. नोव्हेंबरात नवी प्लेट टाकली, तीन महिने नाही झाले. हा पोट्टा दिवसभर पाय ठेवून राहते क्लचवर, दुसरं काय!"

मुलगा काहीच बोलला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून खाली बघत राहिला.

हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण यात पहिल्या फेरीला मीही चुकलो. चूक साधी होती आणि ती कोणाच्याही हातून होऊ शकते. जुन्या ट्रॅक्टरवर काम करणाऱ्या नव्या पोरांना आणि ट्रॅक्टरच्या मालकांना तिचा उपयोग व्हावा.

तक्रार अशी होती. ट्रॅक्टर रिकामा असला की काहीच कळत नाही. गिअर नीट पडतात, गाडी नीट उचलते. मृग बहाराची संत्री भरून ट्रॉली कळमन्याच्या बाजाराला निघाली, की रिंग रोडवरच्या पुलाच्या चढणीवर इंजिनचा आवाज चढतो आणि ट्रॅक्टर मात्र मंदावतो. थ्रॉटल वाढवली तर नुसता आवाज वाढतो. थोड्या वेळाने जळका वास येतो. रानात दोन फाळी नांगर काळ्या मातीत खोल गेला की तेच. नोव्हेंबरात आंबिया बहाराच्या वेळीही हेच झालं होतं. तेव्हा एका ठिकाणी ट्रॅक्टर खोलून क्लच प्लेट बदलली आणि 'टॉप शाफ्टचं सील गेलं होतं' म्हणून गिअरबॉक्सकडचं तेल अडवणारं ते सीलही नवं टाकलं. पाऊण महिना ट्रॅक्टर छान चालला. मग पुन्हा हळूहळू सुरू झालं.

आवाज चढतो आणि चाल उतरते, म्हणजे इंजिनची ताकद क्लचमध्येच अडते आहे, एवढं यावरून कळतं. तरीही खात्री करून घ्यावी, कारण डिझेल कमी पडणाऱ्या इंजिनलाही लोक 'ओढत नाही' असंच म्हणतात. त्या वेळी मात्र आवाजही खाली बसतो. मोकळ्या जागेत ट्रॅक्टर उभा केला, दोन्ही ब्रेक लावून लॉक केले, हाय रेंजचा तिसरा गिअर टाकला आणि अर्ध्या थ्रॉटलला क्लच हळूहळू सोडायला सांगितलं. धडधाकट क्लचवर इंजिन गचका देऊन बंद पडायला हवं. इथे पाय पूर्ण सुटला तरी इंजिन चालूच. दोन सेकंदांत पुन्हा क्लच दाबायला लावला. ही परीक्षा याहून लांबवू नये, क्लच प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर, म्हणजे लाइनिंग, तिथल्या तिथे करपतं.

मग पेडल पाहिलं. क्लचचं पेडल हाताने दाबलं की साधारण इंचभर ते मोकळं जायला हवं. त्यानंतर पेडलने सरकणारं रिलीज बेअरिंग फिंगरना, म्हणजे दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या दांड्यांना, टेकतं आणि पेडल जड लागतं. लाइनिंग झिजत जातं तसा हा मोकळा इंच कमी होत जातो, आणि तो संपला की पेडलला पाय न लावताही बेअरिंग फिंगरवर दाब ठेवून बसतं. आपण अर्धा क्लच दाबून ट्रॅक्टर चालवावा तसंच ते. या ट्रॅक्टरचं पेडल पाव इंचही मोकळं नव्हतं.

आणि इथेच मी घसरलो. पेडल घट्ट, घरचे म्हणतात पोरगा पाय ठेवतो, म्हणजे सगळं जुळतंय असं वाटलं. गडबडीत खाली वाकून बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या लोखंडी आवरणाच्या, तळाकडे नजर टाकली. तिथे वाळलेल्या चिखलाचा थर होता, तेलाचा थेंब नव्हता. खाली कोरडं आहे म्हणजे आत तेल नाही, असं मी धरून चाललो. लिंक सैल करून पेडलची मोकळी चाल, म्हणजे फ्री प्ले, इंचभर केला आणि मुलालाही चार शब्द सुनावले, की पाय फूटरेस्टवर ठेवत जा, क्लचचं पेडल ही पाय टेकवायची जागा नाही. सल्ला बरोबर होता, पण त्या दिवशी त्या पोराला तो देण्याचं कारण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर पुन्हा दारात. अर्धा दिवस बरा चालला म्हणे, मग पूर्वीसारखाच.

या वेळी मी आधी मुलाशी बोललो, काकांना चहाला पाठवून. गेल्या पावसाळ्यापासून ट्रॅक्टरवर काय काय झालं ते क्रमाने सांग म्हणालो. त्याने जे सांगितलं ते पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर एक फेरी वाचली असती. जुलैत ट्रॅक्टर मौद्याकडे गेला होता. तिकडे त्याच्या बहिणीचं सासर, धानाच्या बांध्या, रोवण्याचे दिवस. आठ दिवस चिखलात चालणारी लोखंडी केज व्हील लावून चिखलणी केली. परत आल्यावर ऑक्टोबरपर्यंत ट्रॅक्टर शेडमध्येच उभा होता, कारण संत्र्यात आणि कपाशीत डवरणी बैलांनीच होते. ऑक्टोबरात बाहेर काढला तर इंजिनच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या कडेने तेल येऊ लागलं, म्हणून गॅस्केट बदललं. तरी कडा ओलीच राहिली. "आणि भाऊ, ऑइलची डिपस्टिक कधी कधी आपोआप वर येऊन राहते. मी दाबून बसवतो." इंजिन ऑइल किती टाकता विचारलं, तर दर चार-पाच दिवसांनी अर्धा-पाऊण लिटर. धूर? निळा धूर नाही.

ऑइल कमी होतंय, धुरातून जात नाही, खाली सांडत नाही. मग ते जातं कुठे?

पुन्हा ट्रॅक्टरखाली शिरलो, या वेळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन. या जातीच्या ट्रॅक्टरला चॅसिस नसते. १९१७ च्या फोर्डसनपासून चालत आलेली रचना आहे ही: इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग एकमेकांना बोल्टांनी जोडलेलं, तेच ट्रॅक्टरचं अंग. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या पोकळीत कोरडा क्लच बसतो. कोरडा म्हणजे त्याला तेल चालतच नाही. पण त्याच्या पुढे इंजिनचं ऑइल आहे आणि मागे गिअरचं, मध्ये फक्त दोन सील. म्हणून या पोकळीच्या तळाला एक छिद्र दिलेलं असतं आणि त्यात एक कॉटर पिन सैल लोंबत ठेवलेली असते. ट्रॅक्टर हलला की पिन हलते आणि छिद्र चिखलाने बुजत नाही. एखादं सील पाझरू लागलं तर तेल या छिद्रातून खाली टपकतं, क्लचपर्यंत चढत नाही, आणि मालकाला जमिनीवर डाग दिसतो. किती साधी आणि किती शहाणी सोय आहे ही! मला या ट्रॅक्टरमधली सगळ्यात आवडती गोष्ट विचारली तर मी ही पिन दाखवेन.

चिखलाचा थर खरवडला. पिन नव्हती. छिद्रात लाकडी खुंटी ठोकलेली होती. पक्कडीने ओढली आणि काळं तेल धारेने खाली आलं. बादली धरली, दीड लिटरच्या वर भरलं.

काका तेवढ्यात परत आले होते. बादलीकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं, आणि बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे मीच ठोकलं होतं जी. मौद्याला. चिखलाचं पाणी आत जाईल म्हणून." चिखलणीच्या वेळी ते छिद्र बंद करणं चुकीचं नाही. बांधीतलं पाणी क्लचमध्ये गेलं तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकाला, चिकटते. काम झाल्यावर खुंटी काढायची राहून गेली होती. नोव्हेंबरात ट्रॅक्टर खोलला तेव्हा तेल पुसलं गेलं, वरून नवी प्लेट बसली, पण तळाच्या चिखलाखालची खुंटी तशीच राहिली.

मुलाने वडिलांकडे पाहिलं नाही. पाना उचलला आणि बॅटरीची वायर सोडायला लागला. मी त्याच्याजवळ जाऊन परवाच्या बोलण्याबद्दल माफ कर म्हणालो.

एवढंसं तेल एवढा फरक कसा पाडतं ते आकड्यांत सांगतो. ३५ हॉर्सपॉवर २००० फेऱ्यांवर धरली तर इंजिनचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), सुमारे १२५ न्यूटन-मीटर येतो. क्लच बनवताना त्याच्या दीडपट ते दुप्पट पीळ पेलेल एवढी ताकद ठेवतात, दुप्पट धरली तर अडीचशेच्या आसपास. ही ताकद तीन गोष्टींवर ठरते: स्प्रिंगचा दाब, प्लेटचा व्यास आणि घर्षण. कोरड्या लाइनिंगचा घर्षणांक साधारण ०.३ ते ०.४ असतो. तेलकट झालं की तो ०.१ च्या आसपास उतरतो. दाब तोच, व्यास तोच, पण क्लचची ताकद एक तृतीयांशाहूनही खाली, ऐंशीच्या घरात. रिकाम्या ट्रॅक्टरला एवढी पुरते, म्हणून वर्कशॉपच्या अंगणात सगळं ठीक वाटतं. संत्र्याची ट्रॉली घेऊन पुलावर चढायला पुरत नाही. आणि एकदा घसरू लागली की उष्णता वाढते, लाइनिंग झिजतं, पेडलचा मोकळा इंच संपतो. त्या घट्ट पेडलला मी कारण समजलो होतो, ते परिणाम होतं.

तेल कुठल्या बाजूचं, हा पुढचा प्रश्न. नोव्हेंबरात ते गिअरचं समजून मागचं सील बदललं होतं. डिझेल इंजिनचं ऑइल काजळीने काळं होतं, गिअर ऑइल तसं होत नाही. पण क्लचच्या भुकटीनेही कोणतंही तेल काळपट दिसतं, त्यामुळे रंगावर विसंबू नये. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर बादलीतला एक थेंब टाकला आणि शेजारी डिपस्टिकवरचा. दोन्ही सारखेच पसरले, मध्ये काजळीचा गोल डाग आणि भोवती पिवळट कडा. बोटावर घेतलं तर गिअर ऑइलचा चिकट जाडपणा नव्हता. संशय इंजिनवर आला, पण पुरावा ट्रॅक्टर खोलल्यावरच मिळणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलायला घेतला. बॉनेट, टाकी, डिझेलच्या नळ्या, वायरिंग, मीटरची केबल, स्टार्टर, स्टिअरिंगचे रॉड आणि पुढच्या एक्सलचे रेडियस रॉड सुटे केले. या कामात एक गोष्ट कधीच टाळू नये. पुढचा एक्सल मधल्या पिनवर डुलतो, त्यामुळे गिअरबॉक्सपासून सुटलेलं इंजिन एका अंगाला कलंडू शकतं. एक्सल आणि वरच्या बीमच्या मध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकायच्या, गिअरबॉक्सखाली लोखंडी घोडी लावायची, मागच्या चाकांना अडण द्यायची. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून हात मध्ये घालायचा नाही. इंजिनचा भाग मग पुढच्या चाकांवरच पुढे ढकलला.

आतलं दृश्य बोलकं होतं. मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला नवं सील कोरडं, त्याखालचा पत्राही कोरडा. पुढे फ्लायव्हीलच्या मागून, इंजिनच्या अंगाने, तेलाचे ओघळ मध्यापासून कडेकडे फेकलेले. क्लच प्लेटचं लाइनिंग रिव्हेटच्या बरंच वर शिल्लक होतं, पण तेल पिऊन काळं, चकचकीत झालं होतं. काकांनी विचारलं, पेट्रोलमध्ये धुऊन चालेल का. नाही चालत. लाइनिंग तेल आत शोषून घेतं, वरून धुतलं तरी गरम झालं की तेल पुन्हा पृष्ठभागावर येतं. तीन महिन्यांची प्लेट टाकून द्यायला जीव जड होतो, हे मला कळतं. तरी टाकावीच लागते.

जुन्या प्लेटच्या भुकटीवर मी हवेचा फवारा मारत नाही आणि शिकाऊ पोरांनाही मारू देत नाही. जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि कोणत्या प्लेटमध्ये आहे ते डोळ्यांनी दिसत नाही. ओल्या फडक्यानेच पुसायचं.

क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंग बघितल्या. दोन निळसर पडल्या होत्या, म्हणजे तापून मऊ झालेल्या, म्हणून पूर्ण प्रेशर प्लेट बदलायचं ठरलं. फ्लायव्हीलवर चकाकी आणि केसासारख्या बारीक चिरा होत्या. लेथवर हलका हात मारून त्या गेल्या. रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या टोकातलं छोटं पायलट बेअरिंगही नवं टाकलं. ती खराब झाली नव्हती, पण यांच्यापर्यंत पोचायला पुन्हा अख्खा ट्रॅक्टर खोलावा लागतो.

फ्लायव्हील काढल्यावर क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलचं घर दिसतं. दोन अर्धे तुकडे, आणि प्रत्येकात दोरीचं सील. हे काम घाईचं नाही. दोरी ऑइलमध्ये भिजवली, खाचेत आधी दोन्ही टोकं बसवली, मग मधला भाग गोल दांड्याने घासत घासत दाबत नेला. टोकं सांध्याच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवायची, अर्ध्या मिलिमीटरच्या आतच. मग दोन अर्धे जुळले की टोकं एकमेकांवर दाबली जातात. आतून ग्रॅफाइट ग्रीसचा हात फिरवला.

पण काढलेली दोरी हातात घेऊन मी थांबलो. ती जळालेली नव्हती, कडक झालेली नव्हती, झिजलेलीही फार नव्हती. अशी दोरी चार-पाच दिवसांत पाऊण लिटर तेल सोडत नाही. तिच्यामागून कोणीतरी तेल ढकलत असलं पाहिजे. तेव्हा डिपस्टिक वर येते हे मुलाचं बोलणं आणि टॅपेट कव्हरची ओली कडा एकत्र आठवली. पिस्टनच्या कडेने थोडी हवा खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पोकळीत, उतरतच असते. तिला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. ती बंद झाली तर आतली हवा मिळेल त्या फटीतून तेल घेऊन बाहेर पडते.

ब्रीदरच्या नळीत तार घातली. चार बोटं आत जाऊन अडकली. नळी काढून आपटली तर आतून वाळलेल्या मातीचे तुकडे पडले, गोल कप्पे असलेले. कुंभारीण माशीचं घर. ऑगस्ट ते ऑक्टोबर ट्रॅक्टर शेडमध्ये शांत उभा होता तेव्हा तिने नळीच्या तोंडातून आत बांधलं होतं. पावसाळा संपताना आमच्याकडे भिंतींच्या कोपऱ्यांत, कुलपांच्या भोकांत ही घरं दिसतातच. नळीत ती शोधावी असं कोणाच्या डोक्यात येत नाही.

आता सगळा धागा लागला. माशीने ब्रीदर बंद केला, कोंडलेल्या हवेने तेल मागच्या सीलमधून ढकललं, खुंटीने ते पोकळीत साठवलं, फ्लायव्हीलने ते उडवून प्लेटवर फेकलं. खुंटी नसती तर काकांना ऑक्टोबरातच शेडमध्ये तेलाचा डाग दिसला असता आणि क्लच वाचला असता. नवी प्लेट, नवं सील टाकून ब्रीदर तसाच राहिला असता तर एप्रिलच्या नांगरटीत ट्रॅक्टर तिसऱ्यांदा आमच्या दारात उभा राहिला असता.

बांधणीबद्दल थोडंच. प्लेट मध्यावर आणायला आम्ही एक जुना क्लच शाफ्ट ठेवला आहे, तो आत घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. तिन्ही फिंगर एका उंचीवर आहेत का ते मोजलं, एक किंचित खाली होता, तो जुळवला. नाही तर गाडी उचलताना थरथरते. शाफ्टच्या खाचांवर, म्हणजे स्प्लाइनवर, ग्रीसचं नुसतं बोट फिरवलं. जास्त लावलं की तेच उडून लाइनिंगवर जातं आणि केलेलं सगळं वाया. जोडून झाल्यावर पेडलचा फ्री प्ले इंचभर ठेवला. छिद्रात नवी कॉटर पिन मुलानेच घातली, पाय थोडे वाकवले आणि बोटाने हलवून पाहिली.

इंजिन सुरू करून ऑइलचं झाकण उघडलं. हवेचे हलके, एकसारखे झुळके येत होते. जोर नव्हता, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक होत्या. हे झाकण मी पहिल्या दिवशीच उघडून बघायला हवं होतं. आता क्लचची तक्रार घेऊन कोणताही ट्रॅक्टर आला तरी मी आधी ते उघडतो, मग खाली शिरून छिद्रातली पिन हलवतो, आणि त्यानंतर पेडलला हात लावतो.

तीच परीक्षा पुन्हा घेतली: ब्रेक लॉक, हाय रेंजचा तिसरा गिअर, अर्धी थ्रॉटल. क्लच निम्म्यावर येताच इंजिन धक्का देऊन बंद पडलं. काकांनी मान हलवली.

पहिल्या दोन दिवसांत जड ट्रॉली लावू नका, नवं लाइनिंग जरा बसू द्या, एवढं सांगून पाठवलं. मुलाला खुंटी परत दिली. पुढच्या जुलैत मौद्याला जाशील तेव्हा लाव, आणि बांधीतून बाहेर आलास की घरी निघायच्या आधी काढ. तिला दोरी बांधून दुसरं टोक स्टिअरिंगला बांधून ठेव, म्हणजे विसरणार नाहीस.

मार्चच्या अखेरीस तो एकटाच संत्र्याची ट्रॉली घेऊन कळमन्याला जाताना वर्कशॉपसमोर थांबला. मी ट्रॅक्टरखाली वाकून पिनला बोट लावलं. बोटाला धूळ लागली, तेल नाही. इंजिन ऑइल महिनाभरात टाकावंच लागलं नाही म्हणाला. टूलबॉक्स उघडून त्याने मला खुंटी दाखवली. तिला लाल दोरी बांधलेली होती, चांगली दोन हात लांब.